मधला एक मीटर

सोमवार, २ सप्टेंबर

आज दिवसभर खुर्च्यांचं भांडण. युद्धाचा विषय निघालाच नाही.

सरकारकडच्या सात खुर्च्यांना हात आहेत आणि बंडवाल्यांच्या सात खुर्च्यांना नाहीत, हे सकाळी नऊला कमांडर माटाबोंच्या लक्षात आलं. ते बसलेच नाहीत. मग त्यांची सहा माणसंही बसली नाहीत. समोर सरकारचे मंत्री इलोंडो आरामात कोपर टेकवून बसलेले. कमांडर म्हणाले, हात असलेली खुर्ची म्हणजे सत्ता, आम्ही इथं भीक मागायला आलो नाही.

हॉटेलचे मालक कर्मालीशेठ स्वतः गोदामात गेले. हातवाल्या खुर्च्या एकूण नऊच निघाल्या. शेवटी सुताराला बोलावून मंत्र्यांकडच्या खुर्च्यांचे हात कापले. करवत चालत होती तेव्हा कर्मालीशेठ भिंतीकडे तोंड करून उभे होते. दुपारी तीनला सगळे एकदाचे बसले. मग मंत्री म्हणाले, मला विचार करताना कोपर टेकवायची सवय आहे, अशा स्थितीत मी देशाच्या भवितव्यावर बोलू शकत नाही.

सभा तहकूब.

या शांतता-चर्चेत मी दुभाषी. एरवी इथंच अरुशात मुलींच्या शाळेत फ्रेंच शिकवते. मुख्याध्यापिकेनं तीन आठवड्यांची रजा दिली, वर म्हणाली, "एलियामानी, निदान तिकडे तरी कुणी तुझं ऐकेल." बाहेर एक शब्द बोलणार नाही असं लिहून दिलंय. रोजनिशी म्हणजे काही बाहेर नाही. तरी त्यांच्या देशाचं नाव इथंही लिहीत नाही. शेजारचा देश, एवढं पुरे.

मंगळवार, ३ सप्टेंबर

सरकारवाले फक्त फ्रेंच बोलणार. बंडवाले फक्त स्वाहिली, कारण फ्रेंच ही गोऱ्या मालकांची भाषा. म्हणून मध्ये मी.

गंमत अशी की मंत्र्यांना स्वाहिली उत्तम येते, आजीकडे वाढलेत. आणि कमांडरांनी बंडात जाण्याआधी सहा वर्षं फ्रेंच व्याकरण शिकवलंय! पण अधिकृतरीत्या दोघांनाही दुसऱ्याचं काही कळत नाही.

आज कमांडर म्हणाले, मंत्र्यांचा सूट आमच्या गावाच्या शाळेचे पत्रे विकून शिवलाय. मंत्र्यांचे कान लाल झाले. मग त्यांना आठवलं की आपल्याला अजून कळलेलं नाही. कान लाल ठेवून ते पाणी पीत बसले. मी फ्रेंचमध्ये सांगितलं. मग त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

म्हणजे प्रत्येक माणूस दोनदा रागावतो. म्हणून वेळ लागतो.

बुधवार, ४ सप्टेंबर

फिनलंडहून डॉक्टर आइला आल्या. शांतता या विषयाच्या डॉक्टर. उंच, कपड्यांना इस्त्री नाही, हातात रंगीत कार्डांची पिशवी. आमचे अध्यक्ष जज कासवामिला त्यांच्याकडे बघत होते, माझे वडील नव्या तऱ्हेच्या औषधाकडे बघायचे तसे. जजसाहेब निवृत्त आहेत, गावाकडे केळीची बाग आहे, तिथून उचलून आणलंय त्यांना.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना कार्ड दिलं. शांतता म्हणजे काय ते एका वाक्यात लिहा. चौदा शहाणी माणसं परीक्षेला बसल्यासारखी हातानं कागद झाकून लिहीत होती.

मंत्र्यांनी लिहिलं — जो तो आपापल्या जागी.
कमांडरांनी लिहिलं — जो तो आपापल्या जमिनीवर.

मी दोन्ही वाचून दाखवली आणि मला वाटलं, झालं, जमलं की! एका शब्दाचा तर फरक. त्या एका शब्दावर अडीच तास भांडले. मंत्र्यांचं म्हणणं, आधी बंदुका खाली ठेवा, मग बोलू. कमांडरांचं म्हणणं, आधी हिसकावलेल्या जमिनी द्या, बंदुका आपोआप खाली येतील. मंत्री म्हणाले, शिस्तीशिवाय न्याय कसा. कमांडर म्हणाले, न्यायाशिवाय शिस्त म्हणजे तुरुंग. दोघांचंही ऐकताना दोघांचंही पटतं. दुभाष्याला हा रोग असतो.

जजसाहेबांचं कार्ड — दोघंही घरी जाताना सारखेच नाराज.

चहा घेऊन आलेल्या कर्मालीशेठनी कुणी न विचारता एक कार्ड उचललं आणि लिहिलं — शनिवार १४ तारखेला सकाळी सातला हॉल रिकामा. त्या दिवशी हॉलमध्ये लग्न आहे.

डॉक्टरबाईंनी मग समजावलं. शांतता दोन तऱ्हेची. एक पिवळी, नुसती भांडण नसलेली. एक हिरवी, भांडायचं कारणच न उरलेली. जगातल्या बहुतेक शांतता पिवळ्या असतात म्हणे.

भाषांतर करता करता मला घर आठवलं. आमच्या घरी नऊ दिवस पिवळी शांतता आहे. नवऱ्यानं, नफ्तालीनं, मला न विचारता माझं शिवणयंत्र त्याच्या बहिणीला दिलं, "दोन दिवसांसाठी". तेव्हापासून आम्ही एक शब्द बोललेलो नाही. निघताना मी बॅग भरत होते तर तो दाराशी उभा राहून बूट पुसत होता. एकच बूट. बराच वेळ.

गुरुवार, ५ सप्टेंबर

दुपारच्या जेवणात मचलारी, म्हणजे केळी घालून शिजवलेलं मांस. केळी कच्चट राहिली होती. या एका मुद्द्यावर दोन्ही बाजूंचं पूर्ण एकमत झालं. जजसाहेबांनी नोंद करायला सांगितली.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज कुणी हसलं नाही.

रुकामा नदीच्या पलीकडच्या मिशन इस्पितळातून फॅक्स आला. सिस्टर बेनिल्डा म्हणून कुणी आहेत. जजसाहेबांनी मला मोठ्यानं वाचायला सांगितला, दोन्ही भाषांत. गोवराची साथ आहे. तीस खाटा आणि शंभरावर मुलं. मलेरियाचं औषध संपलं. मीठसुद्धा संपलं. औषधांचे दोन ट्रक नदीपासून साठ किलोमीटरवर, रस्त्यात आडवा बांबू टाकलेल्या नाक्यापाशी पाच आठवडे उभे आहेत. शेवटी लिहिलं होतं, तुमच्या चर्चेला यश येवो, पण जरा लवकर.

फ्रेंचमध्ये "जरा लवकर" मला दोनदा वाचावं लागलं. मंत्री टेबलाकडे बघत होते. कमांडर उठून खिडकीशी गेले.

जजसाहेब म्हणाले, बाकी सगळं बाजूला ठेवू. रुकामावरचा पूल उघडायचा, औषधं पलीकडे न्यायची, एवढंच आधी ठरवू. दोघांनी मान हलवली. भाषांतराची वाट न बघता!

सोमवार, ९ सप्टेंबर

पूल कुणाच्या ताब्यात आहे हा आजचा प्रश्न.

मंत्री म्हणाले, आमच्या. रोज सकाळी सहाला तिथल्या तुकडीकडून वायरलेस येतो — पूल आमच्या ताब्यात, सर्व ठीक. त्यांनी कागद दाखवला.

कमांडर म्हणाले, आमच्या. रोज सकाळी सव्वासहाला आमचाही वायरलेस येतो. त्यांनीही कागद दाखवला. पूल आमच्या ताब्यात, सर्व ठीक.

एका पुलाचे दोन मालक आणि दोन्हीकडे सर्व ठीक. जजसाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, म्हणजे अर्धा तुमच्या आणि अर्धा यांच्या ताब्यात असणार. नकाशावर पूल एकशे एक मीटरचा आहे. पन्नास या काठाकडून, पन्नास त्या काठाकडून.

आणि उरलेला मधला एक मीटर?

हे विचारलं कुणी, तर डॉक्टर आइलांनी. विचारायला नको होतं.

मंगळवार, १० सप्टेंबर

मधला एक मीटर.

बुधवार, ११ सप्टेंबर

मधला एक मीटर.

मंत्री म्हणतात, त्या मीटरवर सरकारी झेंडा नसेल तर जग काय म्हणेल. कमांडर म्हणतात, त्या मीटरसाठी आमची माणसं मेली. मंत्री म्हणतात, आमचीही. डॉक्टरबाईंनी सुचवलं, त्या मीटरला शांतताक्षेत्र म्हणू आणि हिरवा रंग देऊ. रंग कोण देणार यावर दुपार गेली.

चालत मोजलं तर एक मीटर म्हणजे माझी दोन पावलं. खोलीत चालून बघितलं. कपाटापासून पलंगापर्यंतही पोचत नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

मी आज एक पाप केलं. लिहून टाकते.

सकाळी मंत्री चिडून कमांडरांना म्हणाले, "तुम्हाला देश चालवायला दिला तर तुम्ही तो पंधरा दिवसांत जंगलात हरवून याल." फ्रेंचमध्ये हे फारच झोंबणारं होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मला ती तीस खाटांवरची शंभर मुलं दिसायला लागली. मी स्वाहिलीत सांगितलं, "मंत्रीसाहेब म्हणतात, जंगलाची जितकी माहिती तुम्हाला आहे तितकी आम्हाला नाही."

शांतता. ना पिवळी ना हिरवी. नुसतीच.

कमांडरांना मूळ वाक्य कळलं होतं. त्यांची मान फुगलेली मला दिसत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, मंत्र्यांनी हे मान्य केलं याबद्दल आभार. मंत्रीही गोंधळले. पण त्यांनाही स्वाहिलीतलं कळलं होतं! त्यांनी टाय सरळ केला आणि म्हणाले, माणसानं खरं ते बोलावं.

त्यानंतर तीन तास मी जे काही करत होते त्याला भाषांतर म्हणत नाहीत. "चोर" चं "काटकसरी" केलं. "खुनी" चं काही करता येईना, तेव्हा खोकले.

चहाच्या वेळी कमांडरांनी मला जिन्यापाशी गाठलं. मला वाटलं, गेली नोकरी. ते बाजूला बघत, खास मास्तरी फ्रेंचमध्ये म्हणाले, "बाई, तुमचं भाषांतर मुळापेक्षा चांगलं असतं. मूळ ऐकलं तर मला उठून जावं लागेल. तुमचं ऐकलं तर बसता येतं."

"पण कमांडर, तुम्हाला तर मूळ ऐकू येतं."

"येतं ना. पण ते मला कुणी अधिकृतपणे सांगितलेलं नाही."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

रात्रभर टोचत राहिलं म्हणून सकाळी जजसाहेबांकडे जाऊन कबूल केलं. ते हॉटेलच्या बागेत, अरुशामागच्या मेरू पर्वताकडे तोंड करून उकडलेली अंडी खात होते. म्हणाले, मला बुधवारपासून संशय होता, कारण माणसं अचानक सभ्य झाली.

मी म्हटलं, बुधवारपर्यंत तरी मी प्रामाणिक होते, पाप कालचंच आहे. बुधवारी ती आपण होऊन सभ्य होती.

त्यांनी अंडं खाली ठेवलं. "बुधवारी आपण होऊन?"  मग म्हणाले, बाई, अपमान सौम्य केला तर चालेल. पण आकडे, तारखा आणि "नाही" हा शब्द जसाच्या तसा यायला हवा. "नाही" चं "बघू" केलंत तर माणसं मरतील. मी हो म्हटलं. हे मला आधीच कुणीतरी सांगायला हवं होतं, इतकं सोपं आहे.

कर्मालीशेठनी संध्याकाळी सभेच्या दारात उभं राहून जाहीर केलं की उद्या सकाळी सातला हॉल खाली झाला नाही तर ते नवरीकडच्या बायकांना थेट आत सोडतील. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बघितलं. घाबरलेली माणसं मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

शनिवार, १४ सप्टेंबर

लग्न!

ठरलं असं होतं की प्रतिनिधींनी दिवसभर आपापल्या मजल्यावर राहायचं. पण खाली ढोल वाजायला लागले आणि भाजलेल्या मांसाचा वास जिन्यानं वर आला. एकला मंत्री "जरा पाय मोकळे करायला" उतरले. एक वाजून पाच मिनिटांनी कमांडर "पेपर बघायला" उतरले. दोघं हॉलच्या दारात समोरासमोर.

नवरीच्या आत्यानं त्यांना पाहिलं. धिप्पाड बाई, डोक्याला चकचकीत जांभळं फडकं. सूट घातलेली दोन माणसं दारात रेंगाळताहेत म्हणजे नवऱ्याकडची लाजरी मंडळी, असा तिचा समज झाला. एकाचं कोपर एका हातात, दुसऱ्याचं दुसऱ्या हातात. "अहो, उभे काय राहिलात दारात? सोयरे ना तुम्ही? बसा." आणि एकाच बाकावर बसवलं. हात नसलेलं बाक. मधे एक पिलावाचं ताट, दोघांत एक.

मी धावत गेले, सांगायला की आत्या, हे तसले नव्हेत. तिनं मलाही बसवलं. मंत्र्यांच्या आणि कमांडरांच्या मधे. मला वाटलं, भाषांतर करावं लागेल. पण दोघं स्वाहिलीत बोलत होते. मंत्री म्हणाले, भात मोकळा झालाय. कमांडर म्हणाले, आमच्याकडे यात मनुका घालतात. मंत्री म्हणाले, माझी आजीही घालायची. मग बराच वेळ आजीबद्दल. कुठल्या गावची, घरापुढं कसलं झाड. कमांडरांना ते गाव माहीत होतं. त्यांनी ते जाळलं होतं का, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मंत्र्यांनी विचारलं नाही. मनुका मात्र दोघांनी वेचून वेचून खाल्ल्या.

मग अख्खा भाजलेला बोकड आणला, तोंडात गवताची जुडी घातलेला. नवरा-नवरीनं पहिला तुकडा कापला की तो सोयऱ्यांना भरवतात. आत्यानं हुकूम सोडला, नवऱ्याच्या काकांना आधी. काका म्हणजे हे दोघं! नवरीनं एकेक तुकडा दोघांच्या तोंडात घातला आणि वाकून नमस्कार केला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंत्र्यांचे डोळे भरून आले. मिरचीमुळे असेल.

खऱ्या काकांनी मागून चौकशी केली तेव्हा हे दोघं नाचाच्या रांगेत होते. मंत्र्यांना अजिबात नाचता येत नाही. हे मी दोन्ही भाषांत सांगू शकते.

डॉक्टर आइला खांबाशी उभ्या राहून वहीत लिहीत होत्या. मी विचारलं, ही कुठल्या रंगाची? म्हणाल्या, माझ्याकडे हे कार्ड नाही.

रविवार, १५ सप्टेंबर

सुट्टी. डालाडाला, म्हणजे आमची खच्चून भरलेली मिनीबस, पकडून घरी गेले. तासभर पाय दुमडून बसले, मांडीवर कुणाची तरी कोंबडी.

नफ्तालीनं मक्याच्या पिठाची उगाली करपवली होती. मी ठरवून गेले होते की काहीही बोलायचं नाही. पण दोन आठवडे तोंड चालवून सवय झालेली. म्हटलं, यंत्र कुठाय?

तो बराच वेळ भांडं घासत राहिला. मग म्हणाला, "मोडलंय. बहिणीनं त्यावर ताडपत्री शिवली. मला तुला सांगायची भीती वाटली गं."

वीस दिवस मी ज्याला राग समजत होते ती भीती होती! आणि मी गप्प, म्हणजे मला काही वाटत नाही असं त्याला वाटत होतं. एवढ्याशा घरात दोन माणसं, एक भाषा, आणि दुभाषी स्वतः मी.

मग आम्ही कडकडून भांडलो. ताडपत्रीवरून, बहिणीवरून, नऊ वर्षांपूर्वीच्या एका छत्रीवरून. शेजारची सिसिलियाबाई डोकावून गेली. तासाभरानं दोघंही दमलो. मग करपलेली उगाली दुधाबरोबर खाल्ली. फार चांगली लागली. तो मला डालाडालापर्यंत पोचवायला आला आणि बस हलेपर्यंत बोलत होता.

डॉक्टरबाईंना सांगायला हवं, हिरवीला आवाज फार होतो.

सोमवार, १६ सप्टेंबर

दोघं पुन्हा अनोळखी. पुन्हा फ्रेंच, पुन्हा स्वाहिली. पण मंत्र्यांनी सकाळी आल्या आल्या खिशातून मनुकांची पुडी काढली, स्वतः दोन खाल्ल्या आणि पुडी टेबलाच्या मधोमध उघडी ठेवली. अधिकृतपणे कुणालाच दिली नाही. दुपारपर्यंत संपली.

मंगळवार, १७ सप्टेंबर

सुटलं!!

मधला एक मीटर सिस्टर बेनिल्डांच्या इस्पितळाचा. सुचवलं जजसाहेबांनी. तिथं झेंडा नाही, शिपाई नाही, फक्त आजारी माणूस आणि त्याचं सामान. कमांडर म्हणाले, इस्पितळाला देणं म्हणजे यांना देणं नव्हे. मंत्री म्हणाले, यांना न देणं एवढंच मला हवं होतं. मी हे दोन्ही शब्दश: सांगितलं. कुणी दोनदा तर सोडाच, एकदाही रागावलं नाही.

कमांडरांनी "पण" म्हटलं तेव्हा मी पेन खाली ठेवलं. पण म्हणजे असं की कराराच्या फ्रेंच मसुद्यात त्यांना व्याकरणाच्या अकरा चुका सापडल्या. त्यांनी लाल शाईनं दुरुस्त केल्या आणि खाली सवयीनं गुण दिले. वीसपैकी नऊ. मंत्र्यांनी खाली सही केली. म्हणाले, आमच्या शाळेतही मला एवढेच पडायचे.

जमिनींचं काहीच ठरलं नाही. ते नंतर. डॉक्टरबाईंनी मला कानात सांगितलं, पिवळी आहे, पण जपा. कर्मालीशेठनी खुर्च्यांचे कापलेले हात खोक्यात जपून ठेवलेत, ते पुन्हा बसवायचे का म्हणून विचारायला आले. सगळे नको म्हणाले.

गुरुवार, १९ सप्टेंबर

जजसाहेब पुलाकडे निघाले. आधी विमानानं, मग औषधांच्या ट्रकबरोबर थेट नदीपर्यंत. पूल मोकळा आहे अशी त्यांनी खात्री केली की मंत्री आणि कमांडर तिथं जाणार. दोन काठांकडून दोघं चालत येणार, मधल्या मीटरशी हात मिळवणार, फोटो. तोवर दोघंही हॉटेलातच. मलाही थांबायला सांगितलंय.

आता पहिलं पाऊल कुणाचं यावर बोलणी सुरू. ठरलं की दोघांचं एकाच क्षणी. पण मंत्री ठेंगणे, कमांडर ढांगा टाकणारे. एकदम मध्यावर पोचणार कसे? डॉक्टर आइलांनी जेवणघरातली टेबलं सरकवून खडूनं जमिनीवर पूल आखला. पन्नास पावलं या बाजूनं, पन्नास त्या. मधे रेघांचा एक चौकोन. मी टाळ्या वाजवून ताल देते. आज सात वेळा केलं. सातही वेळा कमांडर आधी पोचले आणि चौकोनाबाहेर एका पायावर थांबले.

शनिवार, २१ सप्टेंबर

मंत्र्यांनी कमांडरांना पावलं लहान टाकायला शिकवलं. स्वाहिलीत. माझ्यादेखत. मी काही ऐकलं नाही.

रविवार, २२ सप्टेंबर

जजसाहेबांचा फोन. लाईन खरखरत होती म्हणून मी तीनदा विचारलं. तीनदा तेच.

पूल नाही. चार वर्षांपूर्वीच्या पुरात वाहून गेला. दोन्ही काठांवरच्या तुकड्यांना कळवायची हिंमत झाली नाही म्हणून रोज सकाळी "ताब्यात, सर्व ठीक" पाठवतात, एका काठाचं यंत्र बिघडलं तर दुसऱ्या काठावरून. एक मासेवाली बाई होडी चालवते. दोन्हीकडचे शिपाई त्याच होडीनं बाजाराला जातात. गोळी अशी गेल्या पावसाळ्यापासून कुणी ऐकलेली नाही. सहा फेऱ्यांत सगळी औषधं पलीकडे गेली, खोकी दोन्हीकडच्या शिपायांनी उचलली. करार वाचून दाखवला तेव्हा सगळे नम्रपणे ऐकत होते.

आता हे मला सांगायचं आहे. शब्दश:.

खाली जेवणघरात दोघं खडूच्या पुलावर चालताहेत. आज पहिल्यांदाच पावलं जुळली.